झिजलेला पट्टा

मृगाचा पहिला पाऊस पडला की मराठी मनाला काव्य स्फुरते. मातीचा सुगंध, डोंगरमाथ्यावर उतरलेले ढग, छपरावरून गळणाऱ्या पागोळ्या यांचे वर्णन ज्याने कधीच केले नाही, असा लेखक आपल्या भाषेत विरळाच. परंतु या सर्व पर्जन्यसाहित्यात एका विषयाची उपेक्षा झाली आहे, असे मला नेहमी वाटते. तो विषय म्हणजे ओले कपडे. धुतलेले कपडे पावसाळ्यात वाळवावे कसे, हा प्रश्न कवीला पडत नसला तरी कवीच्या घरातील माणसांना तो रोज सकाळी पडतो. ज्या मुंबईत बहुतेकांना अंगण नाही, ओसरी नाही आणि जेथे एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे तर हा प्रश्न घराचे रूपच पालटून टाकतो. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वलण्या बांधल्या जातात. खुर्चीच्या पाठीवर सदरा बसतो, दाराच्या कडीला टॉवेल लोंबतो आणि घरात वावरणाऱ्या माणसाला ओल्या धोतरांच्या आणि चादरींच्या पडद्यांतून वाट काढावी लागते. इतके करूनही तिसऱ्या दिवशी कपडे हाती येतात ते अर्धवट दमट आणि कुबट वासाचे!

यात दोष कपड्यांचा नाही आणि वलणीचाही नाही. दोष हवेचा आहे. पोटभर जेवून आचवलेल्या पाहुण्यापुढे पुन्हा ताट मांडावे आणि त्याने हात जोडून नकार द्यावा, तशी पावसाळ्यातील हवेची स्थिती असते. ती आधीच बाष्पाने तृप्त झालेली असल्यामुळे कपड्यांतील पाणी स्वीकारण्यास तिच्याजवळ जागा उरलेली नसते. मात्र हवा तापविली की तिची भूक वाढते. हे रहस्य आपल्या आज्यापणज्यांना ठाऊक होते. कोकणात बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूची टोपली उपडी घालीत आणि तिच्यावर तान्ह्या मुलाची दुपटी पसरीत. घटकाभरात दुपटी वाळत आणि वर ऊबही धरून राहत.

युरोप-अमेरिकेतील माणसांनीही याच रहस्याचा उपयोग केला. इ. स. १८०० च्या सुमारास फ्रान्समध्ये पोशाँ नावाच्या गृहस्थाने भोके पाडलेले एक पिंप तयार केले. त्यात ओले कपडे घालून ते पिंप विस्तवावर हाताने फिरवावयाचे, अशी ती योजना होती. पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत विजेवर चालणारे कपडे वाळविण्याचे यंत्र बाजारात आले. त्याला विक्रेत्यांनी ‘जून डे’ म्हणजे ‘जूनमधील दिवस’ असे नाव दिले. अमेरिकेत जूनचा दिवस म्हणजे स्वच्छ ऊन आणि मंद वारा. मुंबईच्या माणसाने हे नाव ऐकले तर तो छत्री शोधू लागेल!

असे एक यंत्र आमच्या घरी आहे. आम्ही देवनारला राहतो. मुंबईच्या पूर्व उपनगरांत, चेंबूर आणि गोवंडी यांच्या शेजारी, ठाण्याच्या खाडीकडे उतरत जाणारी ही वस्ती. आमच्यासारख्या मध्यम स्थितीतील कुटुंबात कपडे वाळविण्याचे यंत्र ही चैनीचीच वस्तू ठरावी. पण आमच्याकडे ते चैनीसाठी आलेले नाही. माझी वृद्ध आई अंथरुणाला खिळली आणि तिच्या चादरी, दुलया व अंगावरचे कपडे दिवसातून दोनतीनदा बदलावे लागू लागले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिच्या खालची चादर पूर्णपणे कोरडी असली पाहिजे, असे डॉक्टरांनी बजावून सांगितले. तिची सून आणि मी यांनी विचार केला आणि इतर काही खर्च लांबणीवर टाकून हे यंत्र घरी आणले. त्या दिवसापासून पावसाळ्यातही आईचे अंथरूण कोरडे राहू लागले.

यंत्राची रचना फार गुंतागुंतीची नाही. पत्र्याच्या पेटीत एक मोठा ड्रम आडवा बसविलेला असतो. विजेची तार तापून हवा गरम करते, पंखा ती हवा ड्रममधून खेळवितो आणि बाष्पाने भरलेली हवा नळीवाटे खिडकीबाहेर सोडली जाते. ड्रम सावकाश फिरत राहतो; त्यामुळे कपडे वर उचलले जातात, खाली पडतात, मोकळे होतात आणि प्रत्येक घडीला उष्ण हवेचा स्पर्श होतो. हा ड्रम फिरतो तो एका पट्ट्याच्या योगाने. ड्रमच्या पोटाला वेढा घालून एक लांब, पातळ, रबरी पट्टा खाली मोटरीच्या दांड्यापर्यंत गेलेला असतो. मोटर फिरली की पट्टा फिरतो आणि पट्टा फिरला की ड्रम फिरतो.

या व्यवस्थेत एक सुंदर हिशेब दडलेला आहे. आमच्या यंत्रातील मोटर मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेते. इतक्या वेगाने ड्रम फिरू लागला तर कपडे त्याच्या कडेला चिकटून बसतील. ते खाली पडणार नाहीत आणि मोकळेही होणार नाहीत. म्हणून हा वेग कमी करावा लागतो. मोटरीच्या दांड्यावरील कप्पीचा व्यास सुमारे २ सेंटिमीटर आणि ड्रमचा व्यास सुमारे ५६ सेंटिमीटर आहे. म्हणजे ड्रम कप्पीच्या २८ पट मोठा झाला. कप्पीचे २८ फेरे होतात तेव्हा ड्रमचा एक फेरा होतो आणि १४०० ला २८ ने भागले की उत्तर येते ५०. मिनिटाला पन्नास फेरे! मोटरीची धावपळ आणि ड्रमचा संथपणा यांचा मेळ घालून देण्याचे काम तो बोटभर रुंदीचा पट्टा करीत असतो.

गेल्या आषाढात एका रात्री हा पट्टा तुटला. आधी काही दिवस यंत्रातून किंचित किंकाळीसारखा आवाज येई आणि जळक्या रबराचा सूक्ष्म वास दरवळे. त्या रात्री एक फटका ऐकू आला आणि त्यानंतर मोटर नुसतीच घुमत राहिली. गरम हवा वाहत होती, आतील दिवा लागत होता. परंतु चादरींचा ओला गोळा ड्रमच्या तळाशी निपचित पडून होता. ड्रम हाताने ढकलला तेव्हा तो जत्रेतील भिंगरीसारखा अगदी हलका फिरला. त्याला धरून ठेवणारे काही उरलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी निरोप पाठविल्यावर विक्रेत्यांकडून एक गृहस्थ आले. त्यांनी पेटीवर टिचकी मारली, यंत्राचा क्रमांक पाहिला आणि गोड आवाजात सांगितले, “साहेब, या जातीच्या यंत्राचे सुटे भाग आता येत नाहीत. तुम्ही नवे घ्या. जुन्याबद्दल थोडे पैसे वजा करून देऊ आणि जुने यंत्र आमची माणसे उचलून नेतील.”

“यंत्रात दुसरे काही बिघडले आहे का?” मी विचारले.

“दुसरे काही नाही, पण पट्ट्यावाचून ते काय कामाचे?”

आतल्या खोलीतून आई हे सर्व ऐकत होती. गृहस्थ गेल्यावर ती म्हणाली, “अरे, चपलेचा अंगठा तुटला म्हणून कोणी चप्पल टाकून देतं का?”

आईचे हे बोलणे अनुभवाचे होते. तरुणपणी ती शेजारपाजारच्या मुलांचे कपडे शिवून संसाराला हातभार लावीत असे. तिच्या पायाच्या शिवणयंत्राला चामड्याची वादी होती. खालच्या मोठ्या चाकावरून ती वादी वरच्या लहान चाकाकडे जाई. वापराने चामडे ताणले, वादी ढिली पडली की चाक फिरे. पण सुई हलेना. अशा वेळी आई कधी कारागिराकडे गेली नाही. ती वादीचा जोड उलगडी, कात्रीने बोटभर तुकडा कापून काढी आणि तारेची कडी घालून वादी पुन्हा जोडी. पाच मिनिटांत यंत्र पूर्ववत चालू होई. गावच्या पिठाच्या गिरणीत इंजिनापासून जात्यापर्यंत गेलेला लांबच लांब पट्टा ती लहानपणी पाही. तो घसरू लागला की गिरणीवाला त्याच्या आतल्या अंगाला राळ लावी, हेही तिने मला सांगितले आहे. त्याहूनही जुनी स्मृती चरख्याची. चरख्याच्या चाकावरून चातीकडे जाणारी सुताची माळ हे पट्ट्याचेच मूळ रूप नव्हे काय? येरवड्याच्या तुरुंगाचे नाव ज्याला मिळाले, त्या पेटीचरख्यात तर दोन चाके असतात. एका माळेने पहिले चाक दुसऱ्याला फिरविते आणि दुसऱ्या माळेने ते चाक चातीला फिरविते. सुताची माळ, चामड्याची वादी, गिरणीचा पट्टा आणि आमच्या यंत्रातील रबरी पट्टा या सर्वांचे कुळ एकच. एका चाकाची गती दुसऱ्या चाकाला नेऊन द्यावयाची, हाच या कुळाचा धर्म.

जुने यंत्र उचलून नेतील, असे ते गृहस्थ म्हणाले होते. उचलून नेतील खरे, पण कोठे? मुंबईतील इतर भागांत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न कदाचित पडणार नाही. टाकलेली वस्तू दाराबाहेर गेली की त्याच्या दृष्टीने ती संपते. देवनारच्या माणसाला मात्र तसे म्हणता येत नाही. १९२७ पासून या महानगराचा कचरा देवनारच्या खाडीकाठच्या जमिनीवर येऊन पडू लागला. सुमारे १३० हेक्टरांच्या त्या जागेवर दशकानुदशके ढिगावर ढीग रचले गेले आणि सपाट भूमीवर टेकड्या उभ्या राहिल्या. जानेवारी २०१६ च्या अखेरीस या टेकड्यांना मोठी आग लागली. त्या वेळी सारा परिसर दिवसेंदिवस धुराने कोंदून गेला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि तो धूर अवकाशातील उपग्रहांच्या छायाचित्रांतही उमटला. आम्ही त्या दिवसांत खिडक्यांच्या फटींना ओली फडकी लावून बसलो होतो. तेव्हापासून आमच्या घरात ‘टाकून देऊ’ हे शब्द थोडे जपूनच उच्चारले जातात.

आमच्या इमारतीचा कचरा न्यावयास ज्या बाई येतात, त्यांचे बालपण त्या टेकड्यांच्या पायथ्याशीच गेलेले आहे. लहानपणी त्या आपल्या आईबरोबर तेथे काच-पत्रा वेचीत असत. जिन्यात त्यांची गाठ पडली तेव्हा मी त्यांना विचारले, “मावशी, असले यंत्र भंगारात गेले तर त्याचे पुढे काय होते हो?”

हातातील पिशवी खाली ठेवून त्या म्हणाल्या, “काय व्हायचं, दादा? आधी मोटर फोडून तांब्याची तार काढतात. मग पत्रा तोलावर जातो. रबर अन् फुटकं प्लास्टिक कुणी घेत नाही. ते पडून राहतं, नाहीतर कुणीतरी पेटवून देतं. पण तुमचं यंत्र तर चांगलं दिसतंय की!”

मावशींचे हे शेवटचे वाक्य आणि आईचा चपलेचा दाखला यांनी निर्णय करून टाकला. यंत्र दुरुस्त करावयाचे ठरले.

शेजारच्या गल्लीत पंखे, इस्त्र्या आणि मिक्सर दुरुस्त करणारा एक तरुण कारागीर आहे. त्याने येऊन यंत्राचा प्लग भिंतीतून उपटून काढला, मागचा पत्रा सोडविला आणि तुटलेला पट्टा बाहेर ओढला. पट्ट्याच्या पाठीवर पुसट झालेली अक्षरे होती. कारागिराने ती ओल्या फडक्याने पुसून दिव्याजवळ धरली. “काका, हे वाचा,” तो म्हणाला. अक्षरे होती ‘१९३० एच ७’. विक्रेत्यांच्या भाषेत पट्टा ‘या जातीच्या यंत्राचा’ होता. कारागिराच्या भाषेत तो १९३० मिलिमीटर लांबीचा, एच जातीच्या खाचांचा आणि सात कण्यांचा पट्टा होता. तो म्हणाला, “यंत्राचं नाव सांगून मिळणार नाही, हे माप सांगितलं तर नागदेवीला मिळेल.”

नागदेवी मार्ग म्हणजे मशीद बंदरजवळचा यंत्रसामग्रीचा जुना बाजार. गोवंडीला हार्बर मार्गाची गाडी पकडून मी निघालो. वडाळा, शिवडी मागे पडले आणि कॉटन ग्रीन स्थानक आले. हे नावच मुंबईच्या कापसाच्या व्यापाराची आठवण देते. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या सूतगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवच्या त्या गिरणीत सूत निघू लागले. पुढे या शहरात गिरण्यांची दाटी झाली. त्या काळच्या गिरणीत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर नसे. एक वाफेचे इंजिन छताखालचा लांब दांडा फिरवी आणि त्या दांड्यावरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक यंत्रावर उतरलेले असत. पट्टा बाजूच्या मोकळ्या चाकावर सरकविला की यंत्र थांबे, पुन्हा मूळ चाकावर आणला की चालू होई. त्या पट्ट्यांत सैल धोतराचा सोगा किंवा बाही अडकून अपघातही घडत. विजेच्या मोटरी आल्यावर हे पट्टे आखूड झाले आणि पत्र्याच्या आड गेले. १९८२ च्या मोठ्या संपानंतर तर गिरण्याच एकामागून एक बंद पडल्या. सूत, चाके आणि पट्टे यांच्यावर ज्या शहराचा संसार उभा राहिला, त्या शहरात मी दोन मीटरांहून आखूड अशा एका पट्ट्याच्या शोधात निघालो होतो.

नागदेवीच्या त्या दुकानात खुंटीखुंटीवर पट्टे टांगलेले होते. काही मनगटाएवढे जाड, काही शाळेच्या दप्तराच्या बंदाइतके नाजूक. रबरी पट्ट्याला पाचरीचा आकार देऊन तो खाचेत घट्ट बसविण्याची युक्ती अमेरिकेतील जॉन गेट्स याने १९१७ मध्ये काढली. त्यानंतर चामड्याचे राज्य संपत गेले. आमचा पट्टा म्हणजे अशा अनेक इवल्याशा पाचरी शेजारी शेजारी बसविलेली पट्टी होय. दुकानदाराने जुना पट्टा मेजावर ठेवला, नखाने कणे मोजले आणि शिडीवर चढून तशाच मापाचा नवा पट्टा काढून दिला. त्याची किंमत नव्या यंत्राच्या किमतीच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आत होती.

संध्याकाळी दुरुस्ती सुरू झाली. नवा पट्टा हाती असूनही कारागिराने तो लगेच चढविला नाही. “काका, आधी जुना का तुटला ते बघू. कारण तसंच राहिलं तर नवाही तुटेल,” असे म्हणून तो यंत्राच्या तळाशी दिवा धरून पाहू लागला. मोटरीशेजारी एक लहानशी चाकी असते. स्प्रिंगच्या जोराने ती पट्ट्याला सतत दाबून ताण देते. कपड्यांची सुटलेली लव त्या चाकीच्या आसाभोवती गुंडाळून तिचा पीळ झाला होता. चाकी फिरेनाशी झाली होती आणि फिरत्या पट्ट्याला तिच्यावरून रात्रंदिवस घासत जावे लागत होते. पट्टा झिजला तो त्यामुळे. कारागिराने चिमट्याने तो पीळ उलगडला, आस पुसून त्यावर तेलाचा एक थेंब सोडला आणि बोटाने चाकी फिरवून पाहिली. मग ब्रश घेऊन पेटीतील सारी लव झाडून काढली. “ही लव पेट घेते. ती साठू द्यायची नाही,” त्याने सांगितले.

त्यानंतर ड्रमभोवती नवा पट्टा बसविण्यात आला. खाचांची बाजू आत आणि गुळगुळीत बाजू बाहेर. खाली चाकीच्या बगलेतून पट्ट्याचा फास ओढून तो मोटरीच्या कप्पीवर चढविला. मी विचारले, “ही चाकी नसती तर चालले नसते का?”

तो म्हणाला, “नाही, काका. कप्पी एवढीशी. चाकीनं पट्टा वळवला नाही तर तो कप्पीला नुसता चाटून जाईल. जितका जास्त वेढा, तितकी जास्त पकड.”

शेतकऱ्याला हे तत्त्व अक्षरओळखीशिवाय ठाऊक असते. ओढाळ बैल आवरावयाचा असला म्हणजे तो दाव्याचे दोन वेढे खुंट्याभोवती घेतो आणि टोक एका हाताने धरून स्वस्थ उभा राहतो. बंदरावरील खलाशी नावेचा दोर असाच खांबाला गुंडाळतो. अठराव्या शतकात ऑयलर या थोर गणितज्ञाने या वेढ्यांचे गणित मांडले. वेढा वाढत गेला की पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते, असे त्याने दाखवून दिले. ऑयलरचे नावही न ऐकलेला कारागीर देवनारच्या एका खोलीत गुडघ्यांवर बसून तेच सत्य बोटांनी अनुभवीत होता. ज्ञान ग्रंथांत असते तसे ते हातांतही असते आणि हातांतील ज्ञानाला आपण पुरेसा मान देत नाही, असे त्या क्षणी मला प्रकर्षाने जाणवले.

ड्रम हाताने सातआठ वेळा फिरविण्यात आला. पट्टा कडेला सरकत नाही, याची खात्री करून कारागिराने पत्रा बसविला आणि मग प्लग जोडला. ड्रम फिरू लागला. आतल्या चादरी उचलल्या जाऊ लागल्या आणि धप्प धप्प असा मऊ, संथ ताल घरभर ऐकू येऊ लागला. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, “चालू झालं का रे?” तासाभराने तिच्या सुनेने कोरडी, ऊबदार चादर तिच्या पाठीखाली पसरली. आईने हाताचा तळवा त्या चादरीवरून दोनदा फिरविला आणि डोळे मिटले. बाहेर पाऊस कोसळतच होता.

कोणी म्हणेल, एका पट्ट्याचे एवढे कौतुक कशासाठी? पण विचार करून पाहावा. यंत्रात मोटर असते, तिला शक्तीचा अभिमान शोभतो. ड्रम असतो, त्याच्याजवळ आकार आहे. पट्ट्याजवळ स्वतःचे असे काहीच नाही. तो एकाचे बळ दुसऱ्यापर्यंत पोहोचवितो इतकेच. दांतेरी लोखंडी चाके वापरली असती तर ती अधिक टिकाऊ झाली असती. परंतु त्यांचा खडखडाट झाला असता आणि एखादे वेळी ड्रम अडकला असता तर मोटर जळाली असती. रबराचा पट्टा मऊ असतो, धक्के सोसतो, प्रसंगी घसरतो आणि अखेरीस स्वतः तुटतो. पण मोलाचे भाग वाचवितो. यंत्राची रचना करणाऱ्याने त्याला झिजण्यासाठीच नेमलेले असते. मग जो भाग झिजण्यासाठी आहे, तो बदलता येण्यासारखा असला पाहिजे आणि बाजारात मिळालाही पाहिजे, ही अपेक्षा अवाजवी कशी म्हणता येईल? जगातील जाणती माणसे आता हाच विचार करू लागली आहेत. फ्रान्सने २०२१ पासून काही विद्युत् वस्तूंवर, त्या किती सुलभपणे दुरुस्त करता येतात, याचे गुण छापणे बंधनकारक केले. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. हक्क कायद्याने मिळेल तेव्हा मिळो. दुरुस्तीची वृत्ती मात्र घरातच शिकावयाची असते. ज्या घरात उसवलेले शिवले जाते, फुटलेले सांधले जाते आणि थकलेल्या माणसाच्या पाठीखाली कोरडी चादर घातली जाते, त्या घरातील मुलांना ती वेगळी शिकवावी लागत नाही.

कारागीर निघाला तेव्हा जुना पट्टा जमिनीवर पडला होता. आईने तो मागून घेतला. कणे झिजून सपाट झाले होते आणि कडेचे दोरे बाहेर आले होते. तिने ते बोटांनी चाचपून पाहिले.

“पुष्कळ काम केलं हो यानं,” ती म्हणाली, “रद्दी बांधायला ठेव.”

तो पट्टा अजून आमच्याकडे आहे. दर महिन्याच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा त्यानेच आवळून बांधला जातो. आणि रद्दीवाला गठ्ठा सोडून कागद नेतो, तेव्हा पट्टा तेवढा आठवणीने परत देतो.